फक्त आकडे

सुटकेस दारातच उभी आहे अजून,
बसा म्हटल्याशिवाय न बसणाऱ्या पाहुण्यासारखी.
तिच्या चाकांत ॲडलेडची वाळू,
आणि इथे वाल्मिएरात मार्च संपत आला तरी
पायरीवर करडा बर्फ, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखा खरबरीत.

किल्ली रोजच्याच कुलपात दोनदा अडली.
माझा वास विसरायला घराला एकोणीस दिवस पुरले.
आत नुसता थंड शेगडीचा वास
आणि खिडकीत राहून गेलेल्या कांद्याचा;
त्याला वीतभर कोंब फुटलाय.
मी गावाला गेलोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटे तीनला टक्क जागा.
दिव्याचं बटण उजवीकडे चाचपतो,
लेकीच्या घरी होतं तिथे,
आणि हात भिंतीवरून फिरत राहतो
कितीतरी वेळ.

आठ वाजता मात्र बूट घालून बाहेर.
एकतीस वर्षं हेच करतोय:
खांबावरच्या काचेतून तापमान,
पितळी नरसाळ्याखालच्या नळीतून पाऊस,
बर्फ पडला असेल तर शेगडीजवळ वितळवून, मिलिमीटरमध्ये.
कुणी मागत नाही हे आकडे.
सानिता म्हणाली, बाबा, फोनवर दिसतं की सगळं.
दिसतं.
पण ते विमानतळाचं असतं,
माझ्या सफरचंदाखालचं नसतं.

जाताना वही शेजारी झेल्माकडे दिली होती,
रकाने आखून, पेन्सिलीला टोक काढून.
फक्त आकडे, मी म्हणालो.
फक्त आकडे, ती म्हणाली.

"नऊ तारीख. पाऊस. किती ते विचारू नकोस,
डोक्याचा रुमाल पिळावा लागला."

"अकरा. थंडी. ओस्वाल्ड्सला पुरलं त्या सकाळची,
वारा मात्र तेवढा नाही."

"चौदा. नळीत कोळी बसलाय. उठवला नाही."

"सतरा. रात्री गौयावरचा बर्फ फुटला.
मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते.
तू इथे हवा होतास."

"अठरा. काही नाही."

"पंचवीस. बर्चला रस आला. बाटली तुझ्या पायरीवर."

मस्तकात तिडीक गेली.
पिळलेल्या रुमालाची सरासरी काढायची कशी?
खोडरबर शोधलं. सापडलंही, खणाच्या तळाशी,
दगडासारखं कडक झालेलं.

मग जुन्या वह्यांची चळत खाली काढली,
ओस्वाल्ड्सचा दिवस शोधायला.
माझ्याच अक्षरात: उणे चौदा. वारा ईशान्य. बर्फ शून्य.
बस.
त्या दिवशी त्याच्या पेटीचं एक टोक
माझ्या डाव्या खांद्यावर होतं,
आणि झेल्मा हातमोजे विसरून आली होती.
तिला आठवतंय. वहीला नाही.

अकरा तारखेच्या रकान्यात
बारीक लिहिलं: उणे चौदा.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
थोड्या वेळाने ते पुसलं.
खोडरबराचा तेवढाच उपयोग झाला.

सतराला काय लिहावं कळेना.
नदी फुटल्याचा तो आवाज
दरवर्षी ऐकतो मी पांघरुणात, श्वास रोखून,
आणि सकाळी लिहितो: अधिक एक. पाऊस शून्य.
या वर्षी त्या रात्री मी समुद्रावर
नातवाच्या पायावरची वाळू झटकत होतो.
ती ओळ तशीच ठेवली.

रस पायरीवरच होता, दोन दिवसांचा,
थोडा आंबूस, बराचसा पाणी.
उभ्या उभ्या अर्धी बाटली प्यालो.

सत्तावीस मार्च. सकाळी आठ.
अधिक दोन. वारा पश्चिम, मंद. पाऊस शून्य.
पेन्सिल उचलली, परत टेकवली:
कांद्याला कोंब.
हे वाचून झेल्मा हसेल. हसू दे.

कपडे संध्याकाळी काढीन सुटकेसमधून.
नळीत कोळी अजून बसलाय.
आज पाऊस नाही,
म्हणून आजच्या दिवस.