लायसनवाला मागे

एल शेजारच्या चंद्रेशने कापून दिला,
लाल इन्सुलेशन टेपचा.
एक पुढे, हेडलाइटच्या खाली,
एक मागे, नंबराच्या डोक्यावर, जरा तिरका.
बाबांनी बोटाने चाचपून पाहिला.
म्हणाले, राहू दे तसाच,
शिकणारं माणूस सरळ कधी असतं?

चौतीस वर्षं ते पायलट होते
डिचोलीच्या बाजारात, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल.
मागे बसायची
बांगड्यांची पाटी मांडीवर घेतलेली पावलीण,
मांडवात वेळेवर पोचायचा म्हणून एकदा एक नवरा, मुंडावळ्यांसकट,
आणि कोर्टात हरून आलेला उगो गावस,
जो सगळी वाट बोलला नाही
आणि उतरताना पैसे द्यायचे विसरला.
अर्धा तालुका त्यांच्या मागे बसून गेला.
ते कुणाच्या मागे
बसले नव्हते.

आज बसले.
कायदाच तसा, शिकणाऱ्यामागे लायसनवाला हवा.
त्यांचं लायसन अजून दीड वर्ष चालतं.
डोळे चालत नाहीत.
मोतीबिंदू, दोन्हीकडे, उजवा जास्त पिकलेला.
म्हणजे जिला वाट दिसते तिच्याकडे परवाना नाही
आणि परवाना आहे त्याला वाट...
जाऊ दे.
मोपेडला आम्ही हे सांगितलेलं नाही.

पिळगावचा उतार.
त्यांचे हात मागच्या लोखंडी कडीला आवळलेले,
अंग ओल्या फळीसारखं ताठ.
ते डावीकडे घट्ट झाले की गाडी उजवीकडे जाते
आणि मी दोघांशीही भांडत हँडल धरते.
"ब्रेक," म्हणतात. मी लावायच्या आतच.
"खड्डा." असतो.
"हां, आता आमलेटचा गाडा, बाहेरून घे."
गाडा सात वर्षांपूर्वी उठला. तिथे आता नुसता कठडा आहे.
मी बाहेरून घेते.

सारमानसच्या धक्क्यावर पोलीस.
माझ्या भाच्याएवढा, शर्टाला नवी इस्त्री.
"एल लावून डबल सीट?"
बाबा खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात,
पिशवीतून लायसन,
आणि ताठ हाताने पुढे धरतात,
पोलिसाला नव्हे, शेजारच्या माडाला.
पोलीस माडाकडे बघतो.
माझ्याकडे बघतो.
मग दोन पावलं सरकून
लायसनच्या समोर येऊन उभा राहतो.
फोटोतली मिशी वाचतो, काळीकुट्ट.
"सवकास," म्हणतो.
कुणाला, ते सांगत नाही.

फेरीवर मी इंजिन बंद केलं.
ते उतरले नाहीत.
पाणी मातकट, पलीकडे खाजणातला एक बगळा,
आणि लोखंडी फळीवरून पायांत चढणारी घरघर.
"डिझेलात पाणी आहे याच्या," एवढंच बोलले.

टोंकाला फळी खाली पडली. ओली, चढाची.
मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे हॉर्न.
माझी तळवी घामेजली. आणि मी म्हटलं
जे ते प्रत्येकाला सांगायचे, किक मारायच्या आधी,
मामलेदारालासुद्धा:
"मागच्याने अंग सैल सोडायचं.
गाडी वाकली की वाकायचं.
आपली अक्कल चालवायची नाही."

मागे काही वेळ नुसतं माणूस होतं.
मग कडी सुटल्याचा आवाज.
मग माझ्या खांद्यांवर
दोन हात, किती हलके,
जणू उन्हात वाळत घातलेला पंचा वाऱ्याने येऊन पडला.
आम्ही चढलो.
वळणावर वाकलो, एकदमच.
टेम्पो शिव्या देत पुढे गेला,
त्याला वाट दिली.

माशेलला, डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात
स्टँड लावायला दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा लागला.
ते उतरले, खिसा चाचपला.
"किती झाले?"

सुटे नाहीत, म्हटलं.
परतीला बघू.