उघाडी

आमच्या खारभूमीच्या बांधाला एक दार आहे, सागाचं.
उघाडी म्हणतात तिला.
भरती आली की आपसूक मिटते,
सुकती लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं.
तिची राखण अठरा वर्षं माझ्याकडे.
मोबदला दोन मण भात,
आणि काही बिघडलं तर गावभरच्या शिव्या.

मुकादम डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाड काढलं, उलटं,
खोड वर, फांद्या खाली.
श्वास घेताना त्रास होतो?
म्हटलं, घेताना नाही बाई. आत येतो तो.
बाहेर जात नाही.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हटलं, लाकूड फुगलंय.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेच.

पंप दोन दिले. तपकिरी रोजचा,
निळा अडीनडीचा.
तपकिरी ओढला की चूळ भरायची.
शेवंतीने दोन्ही देवळीत ठेवले, मिसरीच्या डबीशेजारी.
शेजारचा बाबल्या म्हणाला, सवय लागते हां त्याची.
कुर्ल्यांचा रस्सा पी.
प्यायलो. चव चांगली होती.

दिवाळीनंतर छाती मोकळी झाली,
बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता चाललो,
आणि तपकिरी पंप देवळीतच राहिला.
दुखत नाही तर औषध कशाला?

मग भाजावळ आली.
डोंगरउतारावर टाळ, शेण, पातेरा पेटला,
धूर वाऱ्याला न जुमानता खाडीवर बसला.
संध्याकाळी मी उघाडीवर होतो.
आत आलेली हवा आतच,
तिच्यावर आणखी हवा,
छातीत मांजराची पिल्लं रडावीत तसा आवाज,
आणि खिशात फक्त विडीची काडेपेटी, तीही बाबल्याची.

शेवंती निळा पंप आणि ती प्लास्टिकची नळी घेऊन
बांधावरून धावत आली. अनवाणी.
आडवा नको होऊस, बस. पुढे वाक.
एक दाब. थांब. श्वास. परत.
दहा झाले, तरी वाक्य पुरं होईना.
रफीकची रिक्षा बांधाच्या तोंडाशी आली.
रात्रभर आरोग्य केंद्रात वाफेचा मुखवटा,
आणि पहाटे बाईंचा एकच प्रश्न:
तपकिरी कधी सोडलात?

मी खिडकीबाहेर पाहिलं.
उघाडीवरची कालवं मी कधी खरवडतो?
भांगाच्या दिवशी. पाणी उतरलेलं, दार सुरळीत,
कुणाची तक्रार नसते तेव्हा.
उधाणाच्या रात्री कोयता घेऊन उभं राहून काय उपयोग.
हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.
दाराचं कळत होतं.

आता देवळीत एक वही आहे.
सकाळी नळीत फुंकर मारतो, काटा सरकतो,
शेवंती आकडा लिहिते: तीनशे दहा.
पावसाळी हवेत दोनशे साठ.
दोनशेच्या खाली गेला तर वाट बघायची नाही, रफीकला फोन.
चूल आता मागच्या पडवीत गेली,
गोधड्या उन्हात, विडी बंद,
म्हणजे जवळजवळ.

बाबल्या अजून रश्श्याचं विचारतो.
मी म्हणतो, आण.
चूळ भरून झाली की पिईन.