कळणं

लोटन आप्पांचा हितेंद्र
दर बुधवारी गिरणीत डबा आणतो.
ज्वारी, उडीद, मूठभर मीठ:
कळण्याचं दळण.
डबा ओळीत, कडी उगवतीकडे.
मग भिंतीला तळहात लावून
गिरणीची थरथर कोपरापर्यंत चढू देतो.
बोलत नाही. बघत नाही कुणाकडे.

मागचे डबे पायानं पुढे सरकतात.
तिसरा हितेंद्र सहावा होतो, नववा होतो.
"त्याले काय कयस," म्हणतात,
आणि पिठाच्या धुक्यात
मीही मान हलवलीय, वर्षानुवर्षं.

एकदा वीज गेली. पट्टा थांबला.
भिंत मेली त्याच्या हाताखाली.
तो झुलत झुलत
गिरणीच्याच सुरात घुमू लागला.
एकीनं पोर जवळ ओढलं.
एकानं मोबाईल धरला त्याच्यावर.
"खिशात ठेव तो," मी म्हणालो.
चोपड्यात एवढा शांत बाजार
मी ऐकला नव्हता.

आता डब्यांवर खडूनं नंबर टाकतो.
"येडासाठी एवढं?" कुणी विचारतं,
आणि आपला नंबर बघून घेतं.

हितेंद्र अजूनही माझ्याकडे बघत नाही.
परवा गरम पिठात बोट बुडवून
कडीला म्हणाला, "बारीक झालं."

खरंच होतं.
कळणं जाडंभरडंच लागतं.
तीस वर्षं दळतोय मी.