दुसरी खाच

हीउमा बेटावर नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
विर्वेच्या लोकर-गिरणीत माझ्यासमोर
उघडा पडलाय करडा डबा,
मागाचे सगळे नमुने पोटात घेऊन बसलेला,
वीस वर्षांचा,
आणि परवापासून बरोबर अकराव्या मिनिटाला मरणारा.

"तू मेमरी वाढवलीस आणि याला वेड लागलं."
खरंय. रुंद शालीचा नमुना उघडेना, म्हणून
टालिनच्या भंगारवाल्याकडून मीच आणली
ती हिरवी पट्टी, साडेसहा युरोची.
असून अडचण, नसून खोळंबा.

काढली, पुन्हा बसवली.
खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले.
शिव्या दिल्या. आमच्या बेटावरच्या शिव्या मवाळ,
त्यांनी काही होत नाही.

मग रात्रभर चाचणी लावली.
निळ्या पडद्यावर आकडे चढत राहिले,
शेगडीवर कॉफी करपली,
पावणेतीनला पहिली लाल ओळ,
मग भराभर, मुंग्यांसारख्या.

पट्ट्यांची अदलाबदल केली.
एकेक करून दोन्ही त्याच खाचेत बसवल्या.
लाल ओळी तशाच.
म्हणजे संन्याशालाच सुळी द्यायला निघालो होतो मी.
गुन्हा जागेचा होता.

दुसरी खाच.
इतकी वर्षं रिकामी. कुणाला गरजच नव्हती तिची.
गिरणीतली हवा यायची, बसायची,
उठून जायची.

टॉर्च दातांत धरला,
विर्वेच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं
तळातून ओढून काढला एक केस.
केस नव्हे, लोकरीचा तंतू,
नखाएवढा, मोहरीच्या फुलाचा रंग.

मी फुंकणार, तेवढ्यात
तिनं माझं मनगट धरलं.
दिव्याखाली फिरवून पाहिला,
जिभेच्या टोकाला लावला.
"बर्चच्या पानांचा रंग. तुरटी जास्त पडली होती.
परत कधी केलाच नाही.
एकच स्वेटर झाला त्याचा. एंदेलचा."

एंदेल तिचा धाकटा भाऊ.
हा डबा त्यानंच जोडला होता,
टेबलावर वाकून, बाह्या न सरसावता,
आणि त्याच हिवाळ्यात
फिनलंडच्या गोदीत कामाला निघून गेला.
"फोन करतो," ती म्हणाली. "नाताळला."
थोड्या वेळानं: "सगळ्या नाही."

पट्टी बसवली. या वेळी टक् वाजलं.
आधी वाजलं नव्हतं,
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दहा मिनिटं. अकरा.
आम्ही दोघंही डब्याकडे न बघण्याचं नाटक करत होतो.
बारा.
शाल उघडली, काठापासून काठापर्यंत.

ती उठली, हिशेबाच्या वहीत तारीख घातली,
पुढे लिहिलं: मेमरी दुप्पट, बिघाड नाही.
आणि त्याच ओळीत, चिकटपट्टीखाली,
तो तंतू.

माझे पैसे द्यायचे राहिले.
मीही आठवण केली नाही.