तिसरी रिंग

आज फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
खिडकीतल्या उन्हात दोन ताटल्या ठेवल्या,
रात्री अंगणात गोठवलेले दोन सारखे तुकडे.
एक उघडा.
एक माझ्याच घोंगड्यात गुंडाळलेला.
आधी कोणता वितळेल?

साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून रंगवलेत आम्ही:
लाल म्हणजे उघडा, निळा म्हणजे गुंडाळलेला.
छातीशी धरायचे, शेजाऱ्याला दिसू नयेत असे.
आणि जी मुलं अजून खाली उतरली नाहीत,
मोखोत्लाँगच्या वरच्या कुरणांत मेंढ्यांमागे आहेत,
त्यांच्यासाठी माझा बटणांचा फोन:
एक रिंग लाल, दोन रिंगा निळा.
उचलायचा नाही. पैसे पडत नाहीत.

अडतीस पुठ्ठे वर. एकतीस निळे.
"घोंगडं ऊब देतं ना, बाई," लिम्फो म्हणाली,
इतकं साधं कसं विचारता, अशा सुरात.

उत्तर जिभेवर होतं.
अकरा वर्षं मी ते लगेच सांगत आले,
अकरा वर्षं मुलं ते वहीत उतरवून
जशी आली तशी घरी गेली.
तोंडाला कुलूप लावणं
शिकवण्याहून अवघड.
एवढंच म्हटलं, शेजाऱ्याला पटवा.

मग जो कालवा!
बाकं वळली. लिम्फोने चुलतभावाची कॉलर धरली.
कुणी म्हणे लोकर, कुणी म्हणे वारा,
मागच्या बाकावर एकजण सांगू लागला,
आईवर किती घोंगडी घातली होती त्या रात्री,
तरी ती गार होत गेली.
त्या बाकाभोवती थोडा वेळ
कुणी काही बोललं नाही.

फोन थरथरला. एक.
दोन.
तीन.
तीनचं काही ठरलंच नव्हतं आमचं.
उरल्यासुरल्या बॅलन्सवर मी उलटा फोन लावला, स्पीकरवर.
वारा. कुत्रा. कुठेतरी मेंढीची घंटा.
मग सेखोबे, धापा टाकत:
"बाई, त्या घोंगड्यात
माणूस आहे का कुणी?"

कुणी हसलं नाही.
लिम्फोने स्वतःचं पांघरूण उतरवलं,
घडी घालून बाकावर ठेवलं,
आणि तळहात टेकून बसून राहिली
ते गार व्हायची वाट बघत.

पुठ्ठे पुन्हा वर गेले, मी मोजायचे विसरले.
उघड्या ताटलीत आता नुसतं पाणी.
दुसरी मी उघडली नाही.
घंटा झाली तरी कुणी उठेना,
तेव्हा शेजारच्या वर्गाचे सर दारात आले:
काय, संपला का धडा?

म्हटलं, नाही हो.
भिजत घोंगडं आहे.