देवडीवाला जातो

भोईवाड्यात, महापालिकेच्या शाळेत,
दुसऱ्या मजल्यावर आमची रात्रशाळा.
दिवसा इथे पहिलीची मुलं बसतात,
म्हणून भिंतीवर बदक, बगळा, बे एके बे,
आणि बाकं इतकी बुटकी
की शोकांतिका शिकताना
प्रत्येकाचे गुडघे छातीला लागतात.

नाटक जुनं, पाच अंकी.
दिवस मावळला की दरवाजा उघडायचा नाही,
हा हुकूम किल्लेदाराचा स्वतःचाच.
तिसऱ्या अंकात त्याचा मुलगा येतो,
जखमी, काळोखातून, बाहेरून हाका मारतो.
बाप बुरुजावर उभा. हुकूम मोडत नाही.
पहाटे दिंडी उघडतात.
पुढचे दोन अंक नुसती स्वगतं.

मी फळ्यावर लिहिलं:
उदात्तता. ताठा. एक चूक. पतन.
खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने: करुणा, भय.
‘गाईडात हेच आहे,’ नसीमा दलवी म्हणाली.
ती दिवसभर लॅबमध्ये बाटल्यांवर नावं चिकटवते,
चिकटवलेल्या नावावर तिचा फारसा भरवसा नाही.
‘मॅडम, पोराची आई कुठंय?’
पहिल्या अंकातच मरते, मी म्हटलं,
रचनेची गरज असते तशी.
‘वाटलंच,’ म्हणाली, आणि वहीत काहीतरी खोडलं.

रोहिदास भुवड काही बोलला नाही.
तो कधीच बोलत नाही.
स्वेटरच्या आत गणवेश, अकराला ड्युटी,
लोअर परळला एका टॉवरच्या गेटवर.

चाचणीत प्रश्न होता, गुण दहा:
किल्लेदाराचे स्वभावचित्रण करा.

भुवडने लिहिलं:
‘किल्ली किल्लेदाराकडे नाही.
किल्ली देवडीवाल्याकडे आहे. अंक तिसरा, प्रवेश दुसरा.
त्याला दोनच वाक्यं आहेत.
एक, सरकार, धाकले धनी आहेत.
दोन, जी.
वर बुरुजावर हाक पुसट येते, वारा असतो.
खाली फळीला कान लागला
की श्वाससुद्धा ऐकू येतो.
नखं ऐकू येतात.
किल्लेदाराला झोप लागत नाही म्हणून
त्याला बोलायला दोन अंक दिलेत.
याला सकाळी पुन्हा तिथेच उभं राहायचं होतं.’

त्याखाली चार ओळी,
इतक्या दाबून खोडलेल्या की कागद फाटलाय.
मी तो ट्यूबलाइटसमोर धरला.
‘मागच्या गणपतीत’ एवढं लागलं.
मग ‘टॅक्सी’. मग ‘बाई ओरडत’,
आणि ‘पास नव्हता’.
बाकीचं शाईत बुडालंय.

लाल पेनने मी समासात लिहिलं: विषयांतर.
अठरा वर्षांची सवय, हात आपोआप जातो.
किल्लेदाराबद्दल एक अवाक्षर नाही,
ना ताठा, ना पतन;
मॉडरेटर म्हणेल, कसले गुण देता?

घरी येऊन पुस्तक काढलं.
पानांवर माझ्याच खुणा, वर्षानुवर्षांच्या,
सगळ्या बुरुजावरच्या वाक्यांखाली.
खाली दरवाजाशी एकही रेघ नाही.
‘जी’ नंतर कंसात, बारीक टायपात:
(देवडीवाला जातो.)

चौथ्या अंकात तो नाही.
पाचव्यात प्रेताभोवती सगळे जमतात,
दासी, कारभारी, भाट, दोन मशालजी;
मी बोट ठेवून मोजले.
तो नाही.
कुठे जातो, हे लेखकाने लिहिलं नाही,
मी कधी विचारलं नाही,
आणि गाईडात तर तो मुळातच नाही.

सोमवारी तास संपल्यावर भुवड दाराशी थांबला.
स्वेटर काढून घडी करून पिशवीत ठेवला,
छातीवर कंपनीचा बिल्ला, त्यावर नुसता नंबर.
‘मॅडम, दहापैकी किती?’

अजून तपासते आहे, म्हटलं.

‘जी,’ म्हणाला,
आणि जिना उतरून गेला.