निवडणं

शुक्रवारी साडेपाचला पीच स्ट्रीटच्या दुकानात
भाजलेल्या कोंबड्या बाहेर येतात,
प्लास्टिकच्या घुमटाखाली घाम फुटलेल्या.
मी चष्मा कपाळावर सारून
लेबल नाकाशी धरते:
मीठ, साखर, कांद्याची पूड, लसणाची पूड.
म्हणजे ज्याच्यावर आमच्या सात पिढ्या पोसल्या
ते सगळं स्टॅन्लीला बाधतं.

स्टॅन्ली माझा नाही.
शेजारच्या डोलोरेसबाईंचा.
त्या बर्फावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं,
आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना
गॅसच्या बिलाच्या पाकिटामागे त्यांनी मला लिहून दिलं:
बिनमसाल्याची मिळाली तर बघ.
नाहीतर कातडी पूर्ण काढ, आतलं पांढरं मांस घे, कोमट पाण्यात धू.
हाड एकही नको. शिजलेलं हाड फुटतं, सुईसारखं होतं.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
स्वतःच्या औषधांबद्दल एक अक्षर नाही.

तर आता मी सिंकपाशी उभी,
बाहेर तळ्यावरून आलेलं बर्फ आडवं पडतंय,
आणि आईने तांदूळ निवडावेत तशी
मी कोंबडी निवडतेय.
बोटांना दिसतं ते डोळ्यांना दिसत नाही.
बरगडीचा एक तुकडा, टाचणीएवढा,
मांसाच्या रेषेत रेष होऊन लपलेला.
सापडलास.
पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे कुणी हाडं निवडली नाहीत.
आखाडात कोंबडं कापलं की
तंगड्या पुरुषांना, पाठ आणि मान बायकांना,
आणि सगळं चोखून झालं की
परसात तांबू.
एक कान तुटलेली, लाल, कुणाचीच नसलेली कुत्री.
मला आठवं वर्ष. त्या वेळी ताप होता
म्हणून आजाराच्या मानाने एक तंगडी मला मिळाली.
मी नळी चोखली नाही.
दाताने टोक तेवढं फोडून दिलं,
तिला सोपं जावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी तांबू गंजीमागे सापडली,
पोट दगडासारखं.
पान लागलं असणार, आबा म्हणाले,
गंजीत जनावर आहेच.
सगळ्यांनी माना हलवल्या.
मग दोन दिवस काठ्या घेऊन
गंजी उपसली पोरांनी.
साप निघाला नाही.

पन्नास वर्षं मी त्या सापाला शिव्या दिल्या.

खरं काय ते आता कोण सांगणार.
असेलही साप.
पाकिटावरच्या दोन रेघा मात्र
मी रोज वाचते, पाठ झाल्या तरी.

स्टॅन्ली दारात बसून आहे.
बारा वर्षांचा, डोळ्यांत सायीसारखं काही,
नाक मात्र तरणं.
थांब रे. गरम आहे. थांब म्हटलं ना.
त्याला मराठी कळतं असं नाही,
पण ओरडण्यातला खोटेपणा कळतो.
अळणी भात, त्यावर अळणी मांस,
मूठभरच, पाकिटावर तेही लिहिलंय.
तीन घासांत ताटली चाटून
माझ्याकडे असा बघतो
जणू मी वाढायचंच राहिलेय.

हाडं पिशवीत, पिशवीला दोन गाठी,
पिशवी फ्रीझरमध्ये, मंगळवारी कचऱ्याची गाडी येईपर्यंत.
बादलीचं झाकण त्याला उघडता येतं,
हे पाकिटावर नव्हतं.
ते मी शिकले.

मग उभ्याउभ्याच माझं जेवण:
काढलेली कातडी, तंगड्या,
वर कच्चा कांदा, लिंबू, चांगलं चमचाभर तिखट.
दवाखान्यातून फोन. हॅलो नाही, काही नाही,
खाल्लं का त्याने?
खाल्लं.
पुन्हा बघितलंस ना बोटांनी?
दोनदा.
पलीकडे मोठा श्वास सुटतो,
मग नर्सचा आवाज, मग काहीच नाही.

फोन ठेवला तेव्हा दिसलं,
माझ्या ताटलीच्या कडेला
एक नळी, न चोखलेली,
टोक दाताने फोडून
वेगळी काढून ठेवलेली.

उठले. फ्रीझर उघडला.
दोन्ही गाठी सोडल्या,
पुन्हा बांधल्या.